जोन ऑफ आर्क : नुसतं निशाण की खरी सेनानी?

कोरा_कागद (धागाकर्ता)

जोन ऑफ आर्कबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं त्यात तीन चित्रं ठरलेली असतात. मेंढ्यांमागे उभी राहून देवदूताचा आवाज ऐकणारी पोरगी, पांढऱ्या घोड्यावर निशाण घेतलेली पोरगी, आणि चितेवरची पोरगी. मधल्या तेरा महिन्यांत ती फौजेबरोबर राहून नेमकं काय करत होती, हे कोणी फारसं सांगत नाही. हा धागा त्यासाठी.

पार्श्वभूमी किचकट आहे, म्हणून पटकन उरकतो. इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध १३३७ पासून चालू. १४१५ मध्ये आझँकूरला फ्रेंच सरदारांची फळीच्या फळी कापली गेली. त्यात घरची भाऊबंदकी. १४१९ मध्ये बर्गंडीचा ड्यूक बोलणी करायला मोंतरोच्या पुलावर आला आणि युवराज शार्लच्या माणसांनी त्याला तिथेच ठार केलं. त्याचा मुलगा फिलिप मग इंग्रजांना जाऊन मिळाला. १४२० च्या त्र्वाच्या तहात डोक्याने अधू झालेल्या फ्रेंच राजाने पोटच्या पोराला डावलून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला वारस नेमलं. १४२२ मध्ये हेन्री आणि तो राजा दोघेही गेले आणि दोन्ही मुकुट वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्यावर आले. युवराज शार्ल लुआर नदीच्या दक्षिणेला, राज्याभिषेक नाही, पैसा नाही, अशा अवस्थेत बसून होता. १२ ऑक्टोबर १४२८ ला इंग्रजांनी ऑर्लेआंला वेढा घातला. ते पडलं असतं तर दक्षिणेचा रस्ता मोकळा होता.

जोन १४१२ च्या आसपासची, म्यूज नदीकाठच्या दोंरेमी गावची. बाप जाक खाऊनपिऊन सुखी शेतकरी, गावच्या कारभारातला माणूस. मेंढपाळ पोरीची गोष्ट लोकांना आवडते, पण न्यायाधीशांपुढे तिने छाती पुढे काढून सांगितलं ते वेगळंच : सूत कातण्यात आणि शिवणात रूआंमधल्या (खटला चालला ते शहर) कुठल्याही बाईला मी हार जाणार नाही. तेराव्या वर्षी बापाच्या बागेत भर दुपारी पहिल्यांदा आवाज ऐकू आला, हेही तिचंच सांगणं. आवाजांवर मी इथे वाद घालणार नाही. तिने ते ऐकले असं ती शेवटपर्यंत मानत होती, आपल्याला एवढं पुरे.

मला जास्त थक्क करतो तो तिचा चिवटपणा. घरून लपून निघायचं, तर तिने मावसबहिणीच्या नवऱ्याला हाताशी धरलं. त्याला ती काका म्हणायची. त्याच्याबरोबर ती मे १४२८ मध्ये वोकुलरचा किल्लेदार बोद्रिकूर याच्याकडे गेली. 'हिच्या दोन मुस्काटात देऊन बापाकडे पोचवा,' असा त्याचा सल्ला. ती परत गेली. १४२९ च्या सुरुवातीला पुन्हा आली, गावातच मुक्काम ठोकला आणि हळूहळू लोक तिच्या बाजूने झाले. पुरुषी कपडे, घोडा यांची सोय वोकुलरच्या लोकांनी केली. दोन शिलेदार आणि मोजकी माणसं घेऊन, शत्रूच्या मुलखातून, बरीचशी वाटचाल रात्रीची, अशी ती अकरा दिवसांत शिनोंला युवराजापुढे उभी राहिली. तिथून प्वात्येला धर्मपंडितांनी सुमारे तीन आठवडे तिची उलटतपासणी केली. मग तूर गावात चिलखत झालं, १०० लिव्हरचं (तेव्हाचं फ्रेंच चलन). निशाण झालं. 'तलवार जास्त आवडते की निशाण?' असं पुढे खटल्यात विचारलं तेव्हा म्हणाली, निशाण, चाळीसपटीने.

आणि लोक इथेच थांबतात. निशाण धरणारी, बस्स.

आता ऑर्लेआं बघू. २९ एप्रिलच्या रात्री ती मशालींच्या उजेडात शहरात शिरली. गर्दी इतकी, की एकाची मशाल तिच्या निशाणाच्या टोकाला लागली आणि कापड पेटलं. तिने टाच मारून घोडा वळवला आणि शांतपणे ते विझवलं. वेढ्याची रोजनिशी लिहिणारा म्हणतो, जणू आयुष्यभर लढायांवरच होती. दोन-तीन महिन्यांपूर्वी ही मुलगी खेड्यात होती!

४ मे ला सरदारांनी तिला न सांगताच इंग्रजांच्या सँ-लू बुरुजावर चकमक सुरू केली. ती झोपली होती. दचकून उठली आणि पोरसवद्या हुजऱ्यावर खेकसली, फ्रान्सचं रक्त सांडतंय आणि मला सांगितलं नाहीस! चिलखत चढवेपर्यंत त्याला घोड्यासाठी पिटाळलं. निशाण वरच राहिलं, ते त्याने खिडकीतून तिच्या हातात दिलं. ही त्या हुजऱ्याचीच, लुई द कूतची साक्ष आहे. संध्याकाळपर्यंत सँ-लू पडलं. ६ ला ऑगस्टिन मठाचा कोट. ७ ला पुलाच्या तोंडाशी असलेला तूरेल हा कोट.

तूरेलची लढाई सकाळपासून चालली. दुपारी तिच्या मानेखाली, खांद्याजवळ बाण घुसला. ती रडली. कोणी मंत्र घालतो म्हणालं, तर नको म्हणाली. जखमेवर चरबी आणि ऑलिव्हचं तेल लावून घेतलं. संध्याकाळी मुख्य सेनापती द्युन्वा फौज मागे घ्यायला निघाला. तिने थोडा वेळ मागितला, जवळच्या द्राक्षमळ्यात जाऊन काही मिनिटं प्रार्थना केली, परत येऊन निशाण घेतलं आणि खंदकाच्या काठावर उभी राहिली. शेवटचा हल्ला झाला. त्याच वेळी शहराच्या बाजूने लोकांनी पुलाच्या मोडलेल्या कमानीवर लाकूड टाकून दुसरी वाट काढली. इंग्रज सरदार ग्लासडेल चिलखतासकट लुआरमध्ये बुडाला. ८ ला वेढा उठला. सात महिन्यांचं काम नऊ दिवसांत.

माझं म्हणणं इतकंच : नुसत्या निशाणाला मागे फिरणारी फौज थांबवता येत नाही. कधी रेटायचं, हे तिला कळत होतं, आणि शार्लच्या सगळ्या दरबारात त्या वर्षी ते दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

---

मोगरा

सुरेख लिहिलंय. खिडकीतून निशाण देणं डोळ्यांसमोर आलं. शाळेत 'फ्रान्सची झाशीची राणी' एवढीच ओळख होती हिची.

---

शंकेखोर

लेख चांगला, पण जरा थंड डोक्याने घेऊ. एक, बर्गंडीच्या फिलिपने एप्रिल १४२९ मध्येच ऑर्लेआंच्या वेढ्यातून आपली माणसं काढून घेतली होती. शहर त्याच्या ताब्यात द्यायचा प्रस्ताव इंग्रजांनी धुडकावला, म्हणून हा रुसला. म्हणजे ही बाई यायच्या आधीच वेढा पातळ झालेला. दोन, इंग्रजांचा सगळ्यात हुशार सेनापती सॉल्झबरी वेढ्याच्या पहिल्याच महिन्यात तोफेच्या गोळ्याने गेला होता. तीन, तुम्ही ज्या साक्षी देताय त्यातल्या बऱ्याच तिच्या खटल्याच्या १४५५-५६ च्या फेरतपासातल्या. तोवर शार्ल जिंकलेला, द्युन्वा मोठा माणूस झालेला. जिंकलेल्या राजाच्या लाडक्या संतिणीविरुद्ध कोण बोलणार?

---

कोरा_कागद

@शंकेखोर, पहिले दोन मुद्दे बिनशर्त मान्य. इंग्रज थोडे होते, बुरुज विखुरलेले होते. पण ते तसे असूनही आधी कोणी हल्ला करत नव्हतं, हे कसं? फेब्रुवारीत रुव्हरेला इंग्रजांच्या खारवलेल्या मासळीच्या गाड्या अडवायला गेलेली फ्रेंच फौज मार खाऊन परतली आणि तिथून सगळ्यांनी हातपाय गाळले. द्युन्वाच सांगतो की पूर्वी दोनशे इंग्रज आमच्या आठशे-हजारांना पळवून लावत.

तिसऱ्या मुद्द्यावर : कौतुक करायला सांगितलेला माणूस सहसा चमत्कार सांगतो. तोफा लावण्यातलं कसब सांगायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते आलांसोंच्या ड्यूकने आपणहून सांगितलं.

---

तोफखाना_निवृत्त

नेमकं यावरच लिहायला लॉगिन केलं. आलांसों हा जून १४२९ च्या लुआर मोहिमेचा नावाने सरसेनापती. तो शपथेवर म्हणतो की इतर बाबतीत ती साधी पोर होती, पण भाला चालवणं, फौज मांडणं आणि विशेषतः तोफा लावणं यात वीस-तीस वर्षं मुरलेल्या माणसासारखी.

लोक हसतात याला. मी हसत नाही. त्या काळी तोफ ही नवी चीज होती. उमराव घराण्यातल्या पोराला लहानपणापासून घोडा, भाला, तलवार. तोफ कोणी शिकवत नव्हतं. तिथे कारागीर, ओतारी, दारू बनवणारा यांच्याशी बोलावं लागतं आणि ते ऐकून घ्यावं लागतं. शेतकऱ्याच्या पोरीला त्यात कमीपणा वाटायचं कारण नव्हतं. सरदारांपेक्षा ती इथे मागे नव्हती, कारण इथे सगळेच पहिलीत.

जार्जोला ती आलांसोंला म्हणाली, इथून बाजूला हो, समोरची तोफ तुला उडवेल. तो हलला, आणि थोड्याच वेळात त्याच जागी दुसरा सरदार गेला. भाविक याला दैवी दृष्टी म्हणतात. समोरच्या तोफेचं तोंड कुठे वळलंय हे बघायची सवय असलेला कोणताही हवालदार हेच सांगेल.

शिवाय वेग बघा. १२ जून जार्जो, मग मँ, बोजांसी, १८ जून पाते. एका आठवड्यात नदीकाठ साफ. पातेला तर इंग्रज धनुर्धारींना खुंट रोवायलाही वेळ मिळाला नाही. इंग्रज सेनापती टॉल्बट पकडला गेला.

---

शंकेखोर

पण पातेला आघाडीवर ला इर वगैरे सरदार होते. ही मागच्या तुकडीत होती. बरोबर ना?

---

तोफखाना_निवृत्त

बरोबर. आणि त्यावर कुरकुरत होती. पण आदल्या दिवसापर्यंत पाठलाग करायचा की नाही यावरच चर्चा चालली होती. तिने विचारलं, घोड्याला टोचायचे टाचेचे काटे चांगले आहेत का? सरदार बुचकळ्यात, म्हणजे आपण पळणार? तर म्हणे नाही, ते पळणार, तुम्हाला मागे लागायला ते काटे लागतील. :)

---

दुर्वांकुर

भारी! वाचनखूण साठवली. मला एक कळत नाही. ही एवढी शूर, मग हिला रडू कसं यायचं? मागे कुठेतरी वाचलं होतं की ती कैद्यांसाठीही रडली होती.

---

कोरा_कागद

हो. तोच हुजऱ्या सांगतो. एका फ्रेंच शिपायाने कैदी इंग्रजाच्या डोक्यात घाव घातला. ती घोड्यावरून उतरली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला पापनिवेदन करू दिलं. छावणीतल्या बाजारबसव्यांना हाकलून द्यायची, शिव्या बंद करायची, हेही तिचंच. ला इरसारखा तोंडाळ माणूस तिच्यासमोर फक्त आपल्या काठीची शपथ घ्यायचा म्हणतात.

---

गोदाकाठ

राणी लक्ष्मीबाईंशी तुलना नेहमी होते म्हणून लिहिते. मला ती पटत नाही. राणीसाहेब गादीवर होत्या, दत्तकाचा हक्क राखत होत्या. महाराणी ताराबाईंनी १७०० नंतर औरंगजेबाला झुंजवलं, तेव्हा त्याही पंचविशीच्या आसपासच्या, पण छत्रपतींच्या सून आणि सेनापती हंबीरराव मोहित्यांच्या कन्या. हुकूम द्यायचा अधिकार त्यांच्याकडे घराण्याने आला होता. जोनला हुकूम द्यायचा अधिकार कोणीच दिलेला नव्हता. ती पुढे जायची आणि मग लोक मागे यायचे. म्हणून देव मध्ये घ्यावा लागला असं मला वाटतं. त्या काळी राजाच्याही वरचा शिक्का फक्त तोच होता.

---

मोगरा

+१. अगदी.

---

लुआरकाठ

मी बरीच वर्षं ऑर्लेआंत राहतो. धागा बघून राहवलं नाही. इथे दरवर्षी मे च्या सुरुवातीला उत्सव असतो. शहरातली एक मुलगी निवडतात, ती चिलखत घालून घोड्यावरून फिरते. ७ तारखेच्या संध्याकाळी कॅथेड्रलसमोर नगराध्यक्ष बिशपकडे निशाण सोपवतात. सरकार आणि चर्च यांच्यात इतकं काटेकोर सोवळं पाळणाऱ्या देशात हे बघताना मजा वाटते. ८ मे ही दुसऱ्या महायुद्धाच्या विजयाचीही तारीख, त्यामुळे सुट्टीवर सुट्टी.

ती ज्या खजिनदाराच्या घरी उतरली होती ते घर १९४० च्या बॉम्बफेकीत गेलं, आता आहे ते पुन्हा बांधलेलं. चौकात तिचा घोड्यावरचा पुतळा आहे, १८५५ चा.

इथलं राजकारण मात्र वाईट आहे. अतिउजव्या पक्षाने वर्षानुवर्षं १ मे ला पॅरिसच्या तिच्या पुतळ्यापाशी मोर्चे नेले. २०१८ मध्ये उत्सवासाठी मिश्र वंशाची मुलगी निवडली तर समाजमाध्यमांवर तिच्यावर गरळ ओकली गेली. शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं.

---

घाटवाट

सगळे जिंकण्यावरच बोलताय. पॅरिसचं काय? ८ सप्टेंबर १४२९ ला हल्ला केला, मांडीत बाण घुसला, दुसऱ्या दिवशी राजाने माघार घ्यायला लावली. हिवाळ्यात ला शारितेचा वेढाही फसला. सेनानी म्हणायचं तर हे पण हिशेबात धरा की.

---

कोरा_कागद

धरलंच पाहिजे. १७ जुलैला रँसमध्ये शार्लचा राज्याभिषेक झाला आणि तिचा उपयोग दरबाराच्या लेखी संपला. शार्लला बर्गंडीशी तह हवा होता, तिला थेट पॅरिस. त्या वेळी शार्ल थांबला, पॅरिसला डागडुजी करायला सवड मिळाली. हल्ला फसला त्यात तिचा वाटाही आहेच. खंदक किती खोल आहे याचा अंदाज चुकला होता.

ला शारितेचं म्हणाल तर त्या वेळचं एक पत्र आजही आहे. ९ नोव्हेंबर १४२९, रिओम गावच्या लोकांना. मजकूर सरळ : दारू, सोरा, गंधक, बाण, मजबूत धनुष्यं पाठवा, नाहीतर काम रेंगाळेल. खाली तिची सही, 'जेआन'. अक्षरं वाकडीतिकडी, लिहायला नुकत्याच शिकलेल्या हाताची. तिच्या मोजक्या उरलेल्या सह्यांपैकी ही पहिली. शेजारच्या क्लेर्मोंने सोरा, गंधक आणि बाण पाठवले, तिच्यासाठी तलवारही. दरबारातून पैसा येत नसताना गावोगाव पत्रं टाकून दारूगोळा गोळा करणारी ही बाई. देवदूत एका ओळीत नाही त्या पत्रात.

---

तोफखाना_निवृत्त

जियो! हे पत्र माहीत नव्हतं. ज्याने कधी दारूगोळ्याची मागणी खरडली आहे त्यालाच कळेल यात काय दडलंय.

---

रानवारा

खटल्याबद्दल कोणीच बोलत नाही? २३ मे १४३० ला काँपिएन्यला बर्गंडीवाल्यांनी पकडलं, इंग्रजांनी १०,००० लिव्हर मोजून विकत घेतलं, रूआंला नेलं. बिशप कोशों आणि डझनावारी पंडित एकीकडे, एकोणीस वर्षांची पोर एकटी दुसरीकडे, वकील नाही. 'तू ईश्वरी कृपेत आहेस का?' असा सापळा. हो म्हटलं तर उद्धटपणा, नाही म्हटलं तर कबुली. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच ठेवो. 'संत मार्गारेट इंग्रजीत बोलते का?' तर म्हणे, ती इंग्रजांच्या बाजूची नाही, इंग्रजीत कशाला बोलेल?

आणि कपड्यांवरून जाळलं तिला, हे विसरू नका. २४ मे १४३१ ला धमकावून माघारीच्या कागदावर खूण करून घेतली, बायकी कपडे दिले. पण ठेवलं कुठे? चर्चच्या कैदेत बायकांच्या पहाऱ्यात ठेवायचं, ते सोडून पुन्हा इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात, बेड्यांसकट. चार दिवसांनी पाहिलं तर अंगावर पुन्हा पुरुषी कपडे. तेव्हाची तुमान अंगरख्याला नाड्यांनी घट्ट बांधलेली असायची. चोवीस तास शिपाई कोठडीत असताना बाईमाणसाला त्या नाड्यांची किंमत काय, हे पंडितांना कळलं नसेल असं मी मानत नाही. ती एवढंच म्हणाली की पुरुषांत राहायचं तर हेच बरं, आणि तुम्ही दिलेला शब्द पाळला नाहीत. ३० मे ला जाळलं.

---

मोगरा

रानवारा, काटा आला. आणि ज्याला गादीवर बसवलं त्या शार्लने काय केलं?

---

रानवारा

सोडवायला? काही नाही. खंडणी देऊ केल्याचीसुद्धा नोंद सापडत नाही. जाग आली ती १४४९ मध्ये रूआं परत जिंकल्यावर. खटल्याचे कागद हाती आले. पाखंडी म्हणून जाळलेल्या बाईने राजाला मुकुट मिळवून दिला, हे मुकुटाला परवडणारं नव्हतं. १४५० ला चौकशी सुरू.

पण खरी चिकाटी आईची. इझाबेल रोमे. ७ नोव्हेंबर १४५५ ला म्हातारी पॅरिसच्या नोत्र-दामात पोपच्या प्रतिनिधींपुढे अर्ज घेऊन उभी राहिली. शंभरावर साक्षी झाल्या, त्यात दोंरेमीचे शेजारीपाजारी, बालमैत्रिणीसुद्धा. ७ जुलै १४५६ ला आधीचा निकाल रद्द. संतपद मात्र १९२० मध्ये.

---

शंकेखोर

मान्य, मी माझं मत 'निम्मं निशाण, निम्मी सेनानी' इथवर सरकवतो. हलके घ्या. अवांतर : ती जळलीच नाही, दुसरीलाच जाळलं, असं एक प्रकरण आहे ना? भावांनी ओळखलं वगैरे?

---

कोरा_कागद

क्लोद देझार्मोआज. १४३६ मध्ये मेत्सजवळ उगवली, मीच ती म्हणाली. जोनच्या दोन्ही भावांनी 'हीच आमची बहीण' म्हणून मान डोलावली, ऑर्लेआंने १४३९ मध्ये वेढ्यातल्या कामगिरीबद्दल तिला पैसेही दिले. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये पितळ उघडं पडलं. त्याच १४४० च्या सुमारास खरी आई ऑर्लेआंला राहायला आली आणि शहराने तिला महिन्याचा तनखा बांधून दिला. भावांनी का ओळखलं असेल म्हणता? थोरल्या राजकृपेची चव लागलेली होती, घराण्याला १४२९ मध्येच उमरावकी मिळाली होती. यावर वेगळा धागा काढायचा विचार आहे, कारण त्या बाईची गोष्ट स्वतंत्रपणेही भन्नाट आहे.

---

दुर्वांकुर

काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.